घर घेण्याची तालीम

या सदराला एरवी दीड रकाना मिळतो. दिवाळी अंकाचे निमित्त साधून संपादकांनी यंदा चार पाने दिली आणि वर बजावले, ‘‘फराळाचे काही लिहू नका, ते दुसऱ्यांकडे दिले आहे.’’ तेव्हा वाचकहो, चकली कुरकुरीत कशी होते ते पुढच्या पानांवर पाहा. आम्ही घराबद्दल लिहितो.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमची थोरली बहीण डोंबिवलीला मुलाजवळ राहते. ओवाळणी झाली, ताटे मांडली गेली, आणि भाच्याने शेवेच्या बशीशेजारी एक गुळगुळीत छापील कागद ठेवला. कागदावर एक उंच इमारत, तिच्या पायथ्याशी निळ्या पाण्याचा तलाव, तलावाकाठी गोरीपान मुले.

‘‘मामा, घर घेतोय. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. अठ्ठेचाळीस लाख. तुळशीच्या लग्नापर्यंतच हा भाव आहे.’’

तुळशीच्या लग्नापर्यंतचा भाव गुढी पाडव्यापर्यंत, तेथून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि तेथून दसऱ्यापर्यंत कसा टिकतो हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. पण सणाच्या दिवशी पोराचा विरस कशाला करावा म्हणून एवढेच विचारले, ‘‘पैसे?’’

‘‘माझ्याकडे अकरा लाख जमलेत. बाकीचे बँक देते.’’

एवढ्यात ताई आतून आली. हातातल्या पाटल्या पुढे करून म्हणाली, ‘‘आणि कमी पडलं तर ह्या आहेत. गोठही आहेत. मी काय आता लग्नाला उभी राहणार आहे?’’

सगळे हसले. भाचेसून मात्र हसली नाही. ती ताटातल्या करंजीकडे पाहत होती.

जेवणे झाल्यावर आम्ही मुलांच्या वहीतला कोरा कागद मागून घेतला. बँक ‘बाकीचे देते’ हा समज फार जणांचा असतो, म्हणून तो हिशेब येथे उतरवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते; कर्ज ३० ते ७५ लाखांत असले तर ८० टक्क्यांपर्यंत; त्यापुढे ७५. म्हणजे ४८ लाखांच्या घराला जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार. आपले ९ लाख ६० हजार. येथवर भाच्याचा चेहरा प्रसन्न होता.

पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो आपल्या खिशातून. त्यांच्या भागात शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. (नुसते बाईच्या नावावर घर घेतले तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. नवराबायकोच्या जोडनावाला ती नाही.) नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणून ३० हजार. इमारत अजून बांधकामात, त्यामुळे वस्तू व सेवा कर ५ टक्के, २ लाख ४० हजार. हेच घर ४५ लाखांच्या आत आणि ६० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आत असते, तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या दराने हा कर १ टक्काच पडला असता. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत असती तर मुळीच नाही.

बेरीज केली. १५ लाख ६६ हजार. त्यात बँकेची प्रक्रिया फी, वकील, सोसायटीची अनामत, खिडक्यांना जाळ्या, पंखे, टेम्पो. सतराला पोचलो. अकरा वजा सतरा. वहीचा कागद मुलाने परत मागितला, कारण मागे त्याचा गृहपाठ होता.

‘‘सहाच लाखांचा प्रश्न आहे,’’ भाचा म्हणाला.

‘सहाच’ हा शब्द घर घेणाऱ्याच्या तोंडी फार लवकर येतो. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करणारा माणूस लाखांना ‘च’ लावू लागला की समजावे, त्याला घर चढले आहे.

आमच्या वडिलांना हा रोग झाला नाही. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी जन्म काढला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे जागच्या जागी गोठलेले. मालक दुरुस्ती करीत नसे, आम्ही भाडेवाढ देत नसू, दोघेही एकमेकांना शिव्या देत सुखाने नांदत. घर विकत घ्यावे हा विचार त्या जिन्यावर कधी चढलाच नाही. ‘ओनरशिप’ हा शब्द आमच्या पिढीचा. त्या फ्लॅटांसाठी महाराष्ट्रात कायदा झाला तो १९६३ साली. आणि कायदा असूनही आम्ही १९८६ साली जे केले ते ऐकून ठेवा.

एका उपनगरात आम्ही जागा घेतली. विकणाऱ्या गृहस्थाचे बोलणे इतके आर्जवी की कागद मागण्याची लाज वाटे. ‘‘भोगवटा प्रमाणपत्र? येईल की हो, महिन्या-दोन महिन्यांत.’’ आम्ही मूर्ती बसवून, वास्तुशांत करून राहायला गेलो. प्रमाणपत्र आले नाही. पाणी अनेक वर्षे जादा दराने भरले. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमिनीचे खरेदीखत सोसायटीच्या नावे करून द्यावे असा नियम. आमच्या गृहस्थांनी अठ्ठावीस वर्षांत ते केले नाही. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाचा मार्ग निघाला, म्हणजे बिल्डर सही करीत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होते. त्या मार्गाने २०१४ मध्ये आमच्या पायाखालची जमीन आमची झाली. तोवर आम्ही हवेत राहत होतो असेच म्हणायचे. शेजारच्या देशपांडेकाकांची ती हौस अपुरीच राहिली. ते त्याआधी दोन वर्षे गेले.

म्हणून त्या भाऊबीजेच्या रात्री आम्ही भाच्याला घर घेऊ नको म्हटले नाही. म्हटले, ‘‘आधी तालीम कर.’’

तालीम अशी. ३८ लाख ४० हजारांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, वीस वर्षे. हप्ता येतो सुमारे ३३ हजार ३००. सोसायटीचे महिन्याचे ३ हजार धरा. झाले ३६ हजार ३००. सध्या तो भाडे भरतो १४ हजार. फरक २२ हजार ३००. कर्ज मिळाले आहे, घर घेतले आहे असे समजून हा फरक दर महिन्याच्या ५ तारखेला एका वेगळ्या पासबुकात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या पैशांत घर चालवायचे. सहा महिने जमले तर हप्ता झेपतो. नाही जमले तर पासबुकात पैसे आहेतच. बँकेची नोटीस मात्र नाही.

‘‘पण मामा, तोवर भाव वाढेल!’’

‘‘वाढेल. तुझा पगारही वाढेल म्हणतोस ना?’’

भाचेसून पहिल्यांदाच बोलली. ‘‘करून बघू या.’’

दोघांचे मिळून घरात ८५ हजार येत. त्याचे ५८, तिचे २७. ती एका खासगी शाळेत शिकवते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत भाच्याचा फोन आला की सिनेमा बंद केला आहे पण जमते आहे, आणि आवाजात थोडी ऐट होती. त्या काळात आम्ही त्याला दुसरेही काम लावले होते: कागद.

२०१६ च्या रेरा कायद्याने घर घेणाऱ्याचे पुष्कळ भले केले आहे. आमच्या वेळी तो असता तर अर्धे आयुष्य खेपा घालण्यात गेले नसते. बिल्डरला प्रकल्प नोंदवावा लागतो. मंजूर नकाशे, पूर्ण करण्याची तारीख, कोर्टातले दावे महारेराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. करार नोंदवल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीत दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. आणि जागा विकायची ती चटईक्षेत्राने, म्हणजे ज्यावर सतरंजी अंथरता येईल त्या मापाने. आतल्या भिंती त्यात येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाही.

भाचा विक्रीच्या कचेरीत हे विचारायला गेला. तेथल्या टायवाल्या तरुणाने आधी ‘साडेआठशे फूट’ सांगितले. भाच्याने चटईक्षेत्र विचारले, तेव्हा ते साडेपाचशेवर आले. करारापूर्वी वीस टक्के भरा म्हणाला. भाच्याने कलम १३ चे नाव काढले, तेव्हा दहावर आला. इमारतीखालच्या उघड्या गाडीतळाचे अडीच लाख वेगळे सांगितले. असा मोकळा वा खांबांमधला गाडीतळ स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो सांगितल्यावर तरुणाने चहा मागवला. चहा चांगला होता असे भाचा सांगतो.

पण रेराचा नंबर पाहून निर्धास्त होऊ नये. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरात नोंदल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून राहायला गेलेली माणसे होती. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद तपासले असतील, नंबर आहे म्हणजे परवानगी असेल, अशी साखळी प्रत्येकाने आपल्या मनाशी जोडलेली. यासाठी बांधकाम परवानगीचा कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना खात्यातच जावे आणि ‘हा तुमचाच का?’ असे विचारावे. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी, आणि तीस वर्षांचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा. आपल्या म्हणजे आपण फी दिलेल्या. विकणाऱ्याने ‘आमचेच वकील करून देतात’ म्हटले तर त्यांना दिवाळीचा फराळ पाठवावा, काम देऊ नये.

मार्चमध्ये नात्यातले एक लग्न निघाले. ताई भेटली. हात मोकळे. नुसत्या काचेच्या बांगड्या.

‘‘पाटल्या कुठे?’’

‘‘टाकल्यात उजळायला.’’

ताईला खोटे बोलता येत नाही. लहानपणीही शिक्षा आम्हा दोघांना तिच्यामुळेच होत असे. जेवणाच्या पंगतीतून बाजूला घेतले तेव्हा कळले. फेब्रुवारीत तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. मुलाला सांगितले, शिबिरात फुकट झाली. प्रत्यक्षात पाटल्या सराफाकडे गहाण ठेवून पैसे भरले होते. ‘‘अरे, त्यांचं ते पासबुक चाललंय ना. बावीस हजार बाजूला टाकतात आणि महिनाअखेर सून दूध अर्धा लिटर कमी घेते. मी कुठे मध्ये येऊ?’’

आमच्या तालमीचा हा परिणाम आम्ही धरला नव्हता. खरे सांगायचे तर त्या रात्री झोप लागली नाही. हप्त्याची तालीम करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आपले दुखणे लपवावे, हे कोणत्या कागदावर बसवायचे? सौ. म्हणाली, ‘‘तुम्ही त्यांना हिशेब शिकवलात, आजारपणाचा रकानाच ठेवला नाहीत.’’ हे तिने दोनदा म्हटले.

भाच्याला सांगितले. तो बराच वेळ फोनवर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पासबुकातून ४७ हजार काढून व्याजासकट पाटल्या सोडवून आणल्या आणि आईच्या हातात स्वतः घातल्या. ताई रागावली, कारण तालीम मोडली होती.

ती खरी मोडली मे महिन्यात. भाचेसुनेच्या शाळेत कंत्राटी शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळत नाही. हे दोघांनाही ठाऊक होते. पण ८५ हजारांची बेरीज करताना कुणालाही आठवले नव्हते. ५८ हजारांतून ३६ हजार ३०० गेले की उरतात २१ हजार ७००, आणि माणसे चार. त्यात जूनची वह्या-पुस्तके. त्या महिन्यात पासबुकात पाच हजार पडले. खरे कर्ज असते तर त्या ५ तारखेला हप्ता परत गेला असता, आणि एकदा चुकलेला हप्ता पुढे कर्जाच्या पतनोंदीत वर्षानुवर्षे दिसत राहतो.

तळ्याकाठच्या इमारतीचा कागद मग भाचेसुनेने स्वतः उचलला आणि फडताळात खाली अंथरला. गुळगुळीत असल्याने डब्यांना बरा.

आषाढात त्यांनी जुनी घरे पाहायला सुरुवात केली. घर पाहावे तर आषाढातच. उन्हाळ्यात सगळ्या भिंती साध्वी असतात. एका ठिकाणी दलालाने कपाट भिंतीला लावून ठेवले होते. भाच्याने ते सरकवले तर मागे भारताचा नकाशा ओलीने उमटलेला, श्रीलंकेसकट. दुसऱ्या ठिकाणी सगळे उत्तम. पण रात्री नऊला पुन्हा गेले तेव्हा जिन्यात बादल्या घेऊन बायका उभ्या. पाणी वीस मिनिटे. हे दलाल सांगत नाही, पहारेकरी सांगतो, आणि तळमजल्यावरच्या आजी त्याहून जास्त सांगतात.

अशाच एका आजींच्या सोसायटीत घर मिळाले. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. वीस वर्षांची इमारत, लिफ्ट हळू, स्टेशन पायी पंधरा मिनिटे. किंमत ३४ लाख. आम्ही मोजपट्टी घेऊन गेलो होतो. चटईक्षेत्र चारशे दहा फूट भरले आणि करारातही तेवढेच होते, हे पाहून आमचे डोळे पाणावले. भोगवटा प्रमाणपत्र होते. जमीन सोसायटीच्या नावावर होती. भागपत्र, आधीच्या मालकापासूनचे सगळे नोंदलेले करार, त्यांचे इंडेक्स टू, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचा येणेबाकी नसल्याचा दाखला. विकणाऱ्यांचे थोडे कर्ज बाकी होते. ते त्यांच्या बँकेत फेडून मूळ कागद सुटल्याखेरीज पूर्ण पैसे द्यायचे नाहीत असे ठरवून लिहून घेतले.

सोसायटीच्या चिटणीसांनी मात्र ‘स्वखुशीची देणगी’ म्हणून एक लाख सुचवले. भाच्याने नम्रपणे विचारले, हस्तांतरणाचे अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार असते ना? चिटणीस म्हणाले, हो, तेच म्हणत होतो.

हिशेब पुन्हा त्याच वहीच्या कागदावर. मुद्रांक शुल्क २ लाख ३८ हजार, नोंदणी ३० हजार, जुने घर म्हणून वस्तू व सेवा कर नाही. (किंमत ५० लाख किंवा अधिक असती तर १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारात भरण्याचे कामही घेणाऱ्याचेच असते.) बँक ८० टक्क्यांहून अधिक द्यायला तयार होती. भाच्याने ८० च घेतले, २७ लाख २० हजार. आपले ६ लाख ८० हजार आणि वरचा खर्च धरून सव्वादहा लाखांच्या आसपास जातात. ठेवी आणि पासबुक मिळून हातात दोन लाख उरतात. त्या दोन लाखांच्या रकान्याला भाचेसुनेने वर नाव लिहिले आहे: ‘आईंचे डोळे, मे महिना वगैरे’.

आता गंमत पाहा. पहिल्या घराचा वीस वर्षांचा हप्ता ३३ हजार ३०० होता. पहिल्या महिन्याच्या त्या हप्त्यातले २७ हजार २०० नुसते व्याजात गेले असते, मुद्दल फिटले असते जेमतेम ६ हजार १००. वीस वर्षांत ३८ लाख ४० हजारांपोटी जवळजवळ ८० लाख भरावे लागले असते. या घराचे कर्ज त्याने पंधराच वर्षांत फेडायचे ठरवले, तरी हप्ता २६ हजार ८०० च्या आत आहे. तो आज सदतीस वर्षांचा. बावन्नाव्या वर्षी मोकळा होईल. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मध्येच जादा रक्कम भरली तर दंड लागत नाही, म्हणून बोनस आला की थोडे थोडे आत टाकायचे असाही बेत आहे. बेतच तो, मुलगा सायकल मागतो आहे.

एक खोली कमी झाली हे खरे. ताई हॉलमध्ये झोपेल. त्यावर भाच्याचे मन अजून खट्टू आहे, आणि त्याला आम्ही काय सांगणार? तलाव नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. ताई म्हणाली, ‘‘बरंय. कोण कधी धुतं ते कळेल.’’

नोंदणी दसऱ्याआधी झाली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोटांचे ठसे घ्यायच्या यंत्रावर ताईचे बोट उमटेना (तिचे नाव घालण्याची गरज नव्हती, पण भाच्याने हट्टाने साक्षीदार म्हणून तिला नेले होते). आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या आहेत. चौथ्या खेपेला ठसा आला, तेव्हा रांगेतल्या अनोळखी माणसांनीही ‘आला, आला’ म्हटले.

यंदाची भाऊबीज नव्या घरात आहे. निरोप आला आहे की खुर्च्या अजून घेतलेल्या नाहीत, पाट घेऊन यावे. आणि मोजपट्टीही, फडताळ बसवायचे आहे.